आईचं सोडियम

"मानस बंद केलीस काय गो? भरती येतली."

आईने हे विचारलं तेव्हा मे महिन्यातली दुपारची अडीचची वेळ होती आणि आम्ही म्हापशातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसलो होतो. जवळपास ना खाडी, ना मिठागर, ना मानस. मानस म्हणजे खाजनाच्या, खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीच्या, बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी आत किती घ्यायचं आणि केव्हा अडवायचं, ते त्या दारावर ठरतं. आईचं माहेर पेडण्यातलं, शापोरा नदीच्या काठचं आगरवाडा. गावाच्या नावातच आगर, म्हणजे मिठागर. तिथली एक मानस तिच्या वडिलांच्या ताब्यात असायची. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, "आई, कुठली मानस?" तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भ्रम मलाच झालाय. मग मावशीच्या नावाने मला हाक मारली आणि पुन्हा तोच प्रश्न.

शेजारच्या काकींनी दार उघडं बघून डोकावलं. त्यांचं निदान तयार होतं. "दृष्ट काढ. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाक." पुढे जे कळलं ते लक्षात घेता काकी फारशा चुकल्या नव्हत्या. औषध बरोबर होतं, द्यायची वाट तेवढी वेगळी होती.

संध्याकाळी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी रिपोर्टावर बोट ठेवलं. "सोडियम एकशे सोळा." रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ असावं लागतं, एका लिटरमागे इतके मिलिमोल. एकोणतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. मिलिमोल म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं. तरी मी विचारलं, "म्हणजे काय?"

"सोडियम कमी झालं" हे वाक्य आता आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. पूर्वी म्हातारी माणसं बरळायला लागली की वात झाला म्हणत, किंवा वय झालं म्हणत आणि सोडून देत. आता लग्नाच्या पंगतीतही कुणाचं सोडियम किती होतं याच्या गोष्टी निघतात. आवर्तसारणीतल्या एकशे अठरा मूलद्रव्यांपैकी इतक्या घरगुती जिव्हाळ्याने कुणाचं नाव घेतलं जात असेल तर ते सोनं, लोखंड आणि सोडियम. त्यातलं सोडियम धातू म्हणून कुणीच पाहिलेलं नसतं.

मी पाहिलं होतं. दर वर्षी, दहावीच्या वर्गात.

आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, रॉकेलने भरलेली तपकिरी बाटली असायची. आत तळाशी मळकट ढेकळं. मुलांना वाटायचं, हा कसला धातू? मग मी चिमट्याने एक ढेकूळ काढायचे, गाळणकागदावर टिपायचे आणि साध्या चाकूने कापायचे. फ्रिजमधून नुकतंच काढलेलं लोणी कापावं तसा चाकू आत जातो. कापलेल्या जागी आरशासारखी चकाकी. "बघा, बघा, लवकर बघा," मी म्हणायचे, कारण शेवटच्या बाकावरचा मुलगा पुढे येईपर्यंत ती चकाकी मावळलेली असे. हवेने आणि हवेतल्या ओलीने तिच्यावर राखाडी पापुद्रा धरलेला असे. आमच्या कोकणपट्टीतल्या दमट हवेत तर फारच लवकर. मग वाटाण्याहून लहान तुकडा पाण्याच्या परातीत. तो बुडत नाही, पाण्याहून किंचित हलका असतो. स्वतःच्याच उष्णतेने वितळून त्याचा गोल मणी होतो (९८ अंशांना वितळतो हा धातू, चहाच्या आधणाएवढ्या उष्णतेला) आणि तो मणी सुंसूं करत पाण्यावर सैरावैरा धावतो. पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (खार भेटला की गुलाबी होणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब आधी घातलेले असले तर तो जाईल तिथे गुलाबी रेघ उमटते. हा प्रयोग कधी फसत नाही. वर्गातली सगळ्यात मस्तीखोर पोरंसुद्धा तेवढी दोन मिनिटं गप्प.

फसला तो एकदाच, आणि तोही माझ्यामुळे. मागे हात धुवायला गेलेल्या एका मुलाच्या हाती मी कापणीचा कागद दिला आणि "हे टाकून ये" म्हटलं. कागदाला चांगला बोराएवढा तुकडा चिकटून राहिला होता. त्याने तो ओल्या बेसिनमध्ये टाकला. फाट्‌दिशी आवाज झाला, बेसिनला तडा गेला, छतावर काळा डाग पडला. मुलाला काही झालं नाही. त्या रात्री मात्र मी जेवले नाही. तो डाग पुढच्या रंगरंगोटीपर्यंत तसाच होता, आणि दर वर्षी नव्या वर्गाला त्याची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली जायची.

असा स्फोट का होतो याचं उत्तर मी वर्षानुवर्षं अर्धवट सांगत आले. हायड्रोजन सुटतो, उष्णतेने पेटतो. ते खरंच आहे. पण २०१५ साली प्रागमधल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हा क्षण टिपला. त्यांनी सोडियम आणि पोटॅशियमचा मिश्रधातू वापरला होता, तो नेहमीच्या तापमानाला पाऱ्यासारखा पातळ असतो. थेंब पाण्याला टेकतो न टेकतो तोच त्यातले इलेक्ट्रॉन पाण्यात पळतात. मागे उरतो तो सगळा धनभार, आणि सारखा भार एकमेकांना ढकलतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात त्या थेंबातून साळिंदराच्या काट्यांसारख्या धारा फुटतात. हायड्रोजन पेटण्याच्या आधीच धातू स्वतःच फुटायला लागलेला असतो. हे वाचलं तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. बेसिन आठवलं.

आवर्तसारणीच्या पहिल्या गटातल्या सगळ्या भावंडांची हीच कथा. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम, फ्रान्सियम. पुस्तकात त्यांना अल्क धातू म्हणतात. प्रत्येकाच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, आणि तो एकदाचा कुणाच्या तरी गळ्यात मारण्याची घाई. गटात खाली जावं तसा तो इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब, त्यामुळे घाई जास्त. म्हणून हे धातू निसर्गात मोकळे कधी सापडत नाहीत. १८०७ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने वितळवलेल्या पोटॅशमधून वीज सोडली आणि चकाकणारे, पेट घेणारे थेंब बाहेर काढले. आनंदाने तो प्रयोगशाळेत नाचला म्हणतात. थोड्याच दिवसांनी कॉस्टिक सोड्यातून सोडियम काढलं. त्याआधी माणसाने हजारो वर्षं हे दोन्ही धातू रोज हाताळले होते, पण धातू म्हणून एकदाही पाहिले नव्हते.

आपल्याकडेही तसंच. आपल्या आज्या-पणज्यांना पोटॅशियम हा शब्द माहीत नव्हता, पण चुलीतल्या राखेने भांडी का निघतात ते माहीत होतं. भांड्यात राख भिजवून काढलेल्या खारालाच इंग्रजांनी 'पॉट-ॲश' म्हटलं, म्हणजे शब्दशः भांड्यातली राख. तुरटीत पोटॅशियम, बंदुकीच्या दारूतल्या सोऱ्यात पोटॅशियम. पापडखारात सोडियम, खायच्या सोड्यात सोडियम, साबणात सोडियम. शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश म्हणतो, त्यातलं पालाश म्हणजे पुन्हा पोटॅशियमच. मराठीत या धातूंसाठी नावांची रांग आहे, फक्त 'धातू' हा शब्द त्यांपैकी एकाच्याही वाऱ्याला उभा राहत नाही.

दहावीत हुशार पोरगी दर दोन-तीन वर्षांनी एक तरी भेटते. ती विचारायची, "बाई, सोडियम पेटतं, क्लोरीन विषारी, मग त्या दोघांचं मीठ आपण खातो कसं?" मी फळ्यावर लिहायचे: सोडियम वजा एक इलेक्ट्रॉन. क्लोरीन अधिक एक इलेक्ट्रॉन. देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने घेतलं, दोघेही शांत. मग फळा पुसून पुढचा धडा. उत्तर बरोबर होतं. पण त्या एका इलेक्ट्रॉनचं अंतर किती मोठं आहे हे मला तरी कुठे उमगलं होतं? बाटलीतलं सोडियम आणि आईच्या रक्तातलं सोडियम यांत फरक एवढाच, की एकाने तो इलेक्ट्रॉन अजून सोडलेला नाही आणि दुसऱ्याने कधीच सोडून दिलाय. पहिल्याला पाणी दिसलं की फुटतं. दुसरं पाण्यातच राहतं, आणि ते कमी पडलं तर म्हातारी बाई आगरवाड्याच्या भरतीत जाऊन उभी राहते.

आता कमी का पडलं, तेही सांगते. दोष माझा आहे.

आईला रक्तदाब. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, आणि एक 'पाण्याची गोळी' दिली. म्हणजे लघवी वाढवणारी. मी ते व्रतासारखं पाळलं. सुंगटांचं (कोळंबीचं) खारं बंद, लोणचं बंद, चेपणीच्या, म्हणजे मिठात मुरवलेल्या, आंब्यांची बरणी दादाच्या घरी पाठवली. पेजेबरोबर काय, तर उकडलेली भाजी. त्यात मे महिना, घामाच्या धारा. मी भिंतीवर कागद लावला: दर तासाला एक पेला पाणी. आई शहाण्या मुलीसारखी पीत राहिली. गोळी मीठ बाहेर काढतेय, घाम काढतोय, ताटातून येत नाही, आणि वरून मी साधं पाणी ओततेय. वर्गात मी द्रावणाची तीव्रता शिकवायचे! पेल्यात तेवढंच मीठ ठेवून पाणी वाढवलं तर काय होईल, असा प्रश्नच द्यायचे परीक्षेत, दोन गुणांना.

रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. हात-पाय सुजले तर जागा आहे, मेंदूला कवटीच्या आत कुठली जागा? म्हणून आधी मळमळ, मग झोपाळलेपण, मग बरळणं, त्याहून खाली गेलं तर झटके आणि बेशुद्धी. मिठागरवाल्याच्या मुलीच्या अंगातलं मीठ तिच्या विज्ञान शिकवणाऱ्या मुलीने काढून घेतलं, असा हा हिशेब.

मला वाटलं, आता भराभर सलाइन चढवतील. पण नाही. एक छोटी बाटली, तीन टक्क्यांची, आणि थेंब असे मोजून की बघणाऱ्याचा जीव जावा. "घाई करता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "चोवीस तासांत आठ-दहाच्या वर चढवायचं नाही. मेंदूने कमी मिठाशी जुळवून घेतलेलं असतं. एकदम वाढवलं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरणच उखडतं." दर चार-सहा तासांनी रक्त. वर आणखी बंधन: पाणी मोजून. मी मे महिन्यात आईला पाणी मागू नकोस म्हणून समजावत होते.

तीन टक्के. रात्री बाकावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात गणित चाललं. नेहमीचं सलाइन म्हणजे लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ. हे तीस ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण पस्तीस. म्हणजे आईच्या शिरेत जवळजवळ समुद्रच सोडला होता, आणि नर्स त्या प्लॅस्टिकच्या चाकावर बोट ठेवून भरती किती आत घ्यायची ते ठरवत होती. आई मानशीचं विचारत होती ते काही अगदीच भलतं नव्हतं.

आजोबांच्या मिठागरात मी लहानपणी सुट्टीत जायचे. पावसाळ्यात तिथे नुसतं पाणी. दिवाळीनंतर ते उपसायचं, चिखल सारखा करायचा, तुडवून तुडवून घट्ट करायचा, बांध लिंपायचे. मग अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला मानस उघडून पाणी आत. एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, प्रत्येक ठिकाणी ऊन आणि वारा त्याला आटवणार. समुद्राचं पाणी सुमारे दहापट आटलं की मग मीठ धरायला लागतं. आधी चुना आणि जिप्सम खाली बसतात. ते मागच्याच कप्प्यांत राहिले तर बरं, नाहीतर मिठात मिसळतात. शेवटच्या कप्प्यात दुपारी पाण्यावर साय यावी तशी पातळ पापडी दिसायची. ती फुटून खाली बसायची आणि मोठे खडे धरायचे. आजोबा लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते ओढून बांधावर ढीग लावायचे. ढिगातून पाणी निथळत राहायचं. ते बोटाला लागलं तर जिभेवर मीठ नव्हे, कडू लागायचं. तो मॅग्नेशियमचा कडूपणा. पावसाळ्यात गावठी मिठाच्या मडक्याला पाणी सुटतं तेही सोडियममुळे नव्हे, त्यात मागे राहिलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. पिशवीतलं शुद्ध केलेलं मीठ सुटसुटीत राहतं, कारण त्यातून ते काढलेलं असतं. आईच्या मते त्याला चवही नसते, आणि या बाबतीत मी विज्ञानाच्या बाजूने नाही.

गोव्याच्या मिठाला राजकारणही लागलं. इंग्रजी मुलखात मिठावर जबर कर, आणि इथे पोर्तुगीज हद्दीत स्वस्त मीठ. ते घाटावर चोरून जाणारच. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यात मुरगाव बंदर आणि रेल्वे यांच्याबरोबर गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावरही इंग्रजांचा ताबा आला. १८८० ते १८९२ अशी बारा वर्षं तो करार चालला, आणि तेवढ्यात कित्येक मिठागरं मोडली. पुढे १९३० च्या मे महिन्यात, पेडण्याच्या पलीकडे वेंगुर्ल्याच्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा हद्दीच्या अलीकडे वेगळं राज्य होतं. आता मिठागरं मोडायला कराराचीही गरज उरलेली नाही. पणजी-रायबंदर रस्त्याच्या कडेला अजून काही ओळखीच्या पाणथळ चौकटी दिसतात. आगरवाड्यालाही थोडी आहेत. आमच्या आजोबांच्या जागी आता खारफुटी उगवली आहे. मुलं मुंबईला, दुबईला, आणि माझ्यासारखी शाळेत.

दुसऱ्या रात्री शेजारच्या खाटेवरून आरडाओरडा ऐकू आला. तिथे किडनीचा पेशंट होता. त्याच्या मेव्हण्याने प्रेमाने दोन शहाळी आणली होती आणि नर्सने ती अक्षरशः हिसकावून घेतली. "शहाळ्याने कुणाचं कधी वाईट झालंय?" मेव्हणा म्हणत होता. गोव्यात वाढलेल्या कुणालाही हेच वाटेल. पण शहाळ्याचं पाणी पोटॅशियमने भरलेलं असतं, एका पेल्यात पाच-सहाशे मिलिग्रॅम. धडधाकट किडनी जास्तीचं बाहेर टाकते. थकलेली टाकू शकत नाही, आणि रक्तात पोटॅशियम चढलं की हृदय ठोका चुकवतं, थांबूही शकतं. रक्तदाबासाठी दुकानात मिळणारं 'कमी सोडियमचं' मीठ असतं, त्यातही सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं. किडनीच्या पेशंटने ते डॉक्टरांना न विचारता वापरू नये. रक्तात पोटॅशियम असावं साडेतीन ते पाच. सोडियमच्या एकशेचाळीसच्या शेजारी हा आकडा बघून वाटतं, कसला क्षुल्लक. पण पोटॅशियमचं बिऱ्हाड रक्तात नसतंच, ते पेशींच्या आत. सत्तर किलोच्या माणसात सुमारे एकशे चाळीस ग्रॅम पोटॅशियम आणि शंभर ग्रॅम सोडियम असतं. एक आत, एक बाहेर, आणि ही वाटणी टिकवायला प्रत्येक पेशीच्या भिंतीत अखंड काम चालू. तीन सोडियम बाहेर फेकायचे, दोन पोटॅशियम आत ओढायचे, पुन्हा तीन बाहेर, दोन आत. आपण निवांत पडलेलो असतानाही शरीराच्या खर्चातला पाचवा हिस्सा तरी या उपशावर जातो. मानस नव्हे हो, माणूसच म्हणायला हवा त्याला, रात्रंदिवस पाणी उपसणारा.

हा उपसा कुठे सापडला माहीत आहे? कुर्ल्यांच्या तंगड्यांत. येन्स स्कू नावाच्या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञाने खेकड्यांच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करून १९५७ साली तो दाखवून दिला, आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्याकडे कुर्लीच्या तंगडीतून जे काढलं जातं ते थेट शाकुतीत जातं. विज्ञानाची आपल्याकडे हेळसांड होते म्हणतात ती अशी.

कॉरिडॉरमध्ये चहाच्या मशीनपाशी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. विचारपूस झाली. आईचं सांगितलं तर ती हसून म्हणाली, "बाई, मीसुद्धा रोज तुमच्या पहिल्या गटातलीच गोळी घेते." लिथियम. कधी मन आभाळाला टेकतं, कधी विहिरीच्या तळाशी जातं, त्या आजाराचं औषध. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केडने ते पुढे आणलं, आणि आजही त्याला तोड नाही म्हणतात. तिने सांगितलं ते मला नवीन होतं. लिथियम आणि सोडियममधला फरक किडनीला नीट कळत नाही. मीठ अचानक कमी केलं किंवा घाम फार गेला, तर किडनी सोडियम समजून लिथियमच धरून ठेवते, आणि मग तेच विष होतं. म्हणून ती उन्हाळ्यात मिठाला हात आखडत नाही आणि ठरल्या वेळी रक्त तपासते. पंधरा वर्षांपूर्वी तिला या गटाचे गुणधर्म मी पाठ करायला लावले होते. आता ती मला शिकवत होती, कागदी कपात चहा ओतत. खिशातल्या फोनच्या बॅटरीतही लिथियमच, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं, पण बोललं कुणीच नाही.

उरलेली भावंडं आपल्या स्वयंपाकघरात येत नाहीत. सीझियम आणि रुबिडियम १८६० आणि १८६१ साली बन्सेन आणि किर्चहॉफने ज्योतीच्या रंगातून ओळखले, एक आकाशी रेषेवरून, दुसरं गडद लाल. सीझियम साडेअठ्ठावीस अंशांना वितळतं. म्हणजे गोव्यात मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा ते पातळच. बंद काचेतच ठेवावं लागतं म्हणा. पण सेकंदाची व्याख्या त्याच्यावर बेतलेली आहे, १९६७ पासून: सीझियमची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. मालिमच्या जेटीवरून निघणारा ट्रॉलर जीपीएसवर जागा बघतो, ती वरच्या उपग्रहांतल्या रुबिडियम-सीझियमच्या घड्याळांच्या भरवशावर. फ्रान्सियम सगळ्यात धाकटं. १९३९ मध्ये मार्गरित पेरे यांनी ते शोधलं, आणि त्याचा सगळ्यात टिकाऊ प्रकारसुद्धा बावीस मिनिटांत अर्धा होतो. त्याच्याशी आपलं काय देणंघेणं असणार.

तिसऱ्या दिवशी पहाटे आकडा १३१ आला. आई जागी होती. खिडकीबाहेर रस्त्यावर एक जुना सोडियमचा दिवा उरला होता, बाकी सगळे एलईडी झालेले. वीज जाऊन आली होती. एलईडी लगेच लागले. तो मात्र गार होईपर्यंत थांबला, मग आधी फिका पांढरट आणि मिनिटा-मिनिटाने पिवळा होत गेला. पेज उतू गेली की गॅसची निळी ज्योत ज्या रंगाची होते, तोच पिवळा. पेजेतलं मीठ आणि दिव्यातली वाफ, दोन्हीकडे तोच एक इलेक्ट्रॉन वर उडी मारून खाली येताना तो रंग टाकतो.

"काय बघतेस गो?" आईने विचारलं. माझ्या नावाने.

मी म्हटलं, "दिवा."

"पेज आणलीस?"

कॅन्टीनची पेज होती. तिने एक चमचा घेतला, तोंड वाकडं केलं. "मीठ नाही यात." डॉक्टर राउंडला आले तेव्हा तिने त्यांनाही तेच ऐकवलं. ते हसले, गोळी बदलली, आणि मीठ कमी म्हणजे बंद नव्हे, हे मला लहान मुलीला समजवावं तसं समजावलं.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर शाळेतून फोन आला. नव्या सरांना वरच्या फळीवर ती तपकिरी बाटली सापडली होती. रॉकेल निम्म्यावर आलेलं, ढेकळांवर पिवळट-पांढरी पुटं. "बाई, हिचं करायचं काय?" पोटॅशियम असतं तर मी लांबूनच नमस्कार केला असता, कारण जुन्या पोटॅशियमवरची पिवळी पुटं नुसत्या चाकूच्या घर्षणानेही फुटू शकतात. सोडियम होतं म्हणून गेले. मागच्या अंगणात, कोरडा दिवस बघून, वाळूची बादली शेजारी ठेवून, चष्मा-हातमोजे घालून आम्ही ते वाटाण्याएवढं-वाटाण्याएवढं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सोडत गेलो. पाण्यात ते बेभान होतं, पण अल्कोहोलमध्ये तळाला जाऊन बसतं आणि सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे सोडत हळूहळू विरतं. पूर्ण दुपार गेली. शेवटचा तुकडा विरल्यावर कितीतरी वेळ थांबून थोडं थोडं पाणी, मग फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग जाईपर्यंत हायड्रोक्लोरिक आम्ल, थेंब थेंब. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन मी खिडकीत ठेवला. चहा होईपर्यंत कडेला बारीक कण धरले होते. भिंगाखाली पाहिलं. चौकोनी, कोपरे अगदी नीट. चाखलं मात्र नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं, की शाळेतल्या त्या जुन्या बाटलीतल्या सोडियमचं आज मीठ केलं.

तिने पेजेच्या ताटलीतून मान वर केली. शेजारी चेपणीच्या आंब्याची एक फोड होती, फक्त एक.

"किती झालं?" तिने विचारलं. "खंडीभर?"